शार्कचा व्हिसा

मेक्सिकोच्या शोरूममधून उचला, पंचवीस-तीस किलोमीटर चालवा आणि अमेरिकेत घरासमोर लावा. सोप्पं वाटतं ना? सॅन डिएगोतल्या आमच्या दादालाही तसंच वाटलं होतं. एका हायब्रिड पिकअपच्या प्रेमात पडलेल्या मराठी इंजिनिअरची, आणि मध्ये आडव्या आलेल्या सीमारेषेची ही गोष्ट.

२०२५ची दिवाळी तोंडावर आली होती. रविवारची दुपार. मेक्सिकोतल्या टिहुआना शहराच्या टोकाला, अमेरिकेच्या सीमेपाशी, गाड्यांची ही भलीमोठी रांग. या रांगेला इथे नुसतं ‘ला लिनेआ’ म्हणतात. लाइन! आपल्याकडे घाटात ट्रॅफिक तुंबलं की काकड्या आणि शेंगदाणेवाले गाड्यांमधून फिरायला लागतात ना, तसे इथे चुरोस, बरिटो, घोंगड्या विकणारे फिरत होते. 

गाडीत आम्ही तिघं. स्टिअरिंगवर दादाचा मेक्सिकन दोस्त. दादा त्याला ‘कोम्पा’ म्हणतो, म्हणजे आपल्याकडचं ‘भावा’. शेजारच्या सीटवर माझा मामेभाऊ, म्हणजेच दादा. आणि मागे मी, ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे सॅन डिएगोला आलेली आणि वीकएंडला यांच्याबरोबर भटकायला निघालेली.

आजूबाजूच्या गाड्यांची इंजिनं घरघरत होती. आमची मात्र एकदम गप्प. रांग सरकली की ही बॅटरीवर हळूच पुढे जायची, थांबली की थांबायची. धूर नाही, आवाज नाही. दादा डॅशबोर्डवरून असा हात फिरवत होता, की वहिनीने पाहिलं असतं तर काही खरं नव्हतं.

‘‘अगं, हीच ती,’’ तो मागे वळून म्हणाला. ‘‘चार महिने झोप उडवलीय हिने.’’

लव्ह अॅट फर्स्ट ड्राइव्ह

दादाच्या कंपनीचं ऑफिस सॅन डिएगोत आणि फॅक्टरी टिहुआनात. तिथल्या बऱ्याच कंपन्यांचं असंच असतं. डिझाइन सीमेच्या अलीकडे, असेंब्ली पलीकडे. त्यामुळे आठवड्यातून दोनदा दादाची टिहुआना वारी ठरलेली. अशाच एका वारीत फॅक्टरीच्या पार्किंगमध्ये त्याला ती दिसली. बीवायडी शार्क!

चीनच्या बीवायडी कंपनीची ही पहिली पिकअप. मे २०२४ मध्ये ती लाँच झाली, तीही चीनमध्ये नाही, थेट मेक्सिको सिटीत. साडेपाच मीटरच्या आसपास लांबी, चार दरवाजे, मागे सामानाचा हौदा. दिसायला तगडा ट्रक, पण आत प्लग-इन हायब्रिड. म्हणजे काय? दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे, त्याच्या जोडीला पुढे आणि मागे एकेक इलेक्ट्रिक मोटर आहे, आणि साडेएकोणतीस युनिटची बॅटरी घरच्या प्लगवरही चार्ज होते. फुल चार्जवर सुमारे १०० किलोमीटर निव्वळ विजेवर, आणि टाकी भरलेली असेल तर एकूण ८४० किलोमीटर, असा कंपनीचा दावा. एकूण ताकद ४३० हॉर्सपॉवरहून जास्त. शून्य ते शंभर ५.७ सेकंदांत. ट्रक आहे की स्पोर्ट्स कार, तुम्हीच ठरवा.

आणि लाँचच्या वेळची किंमत? ८,९९,९८० पेसो. तेव्हाच्या दराने ५३ हजार डॉलरच्या आसपास. एवढी पॉवर आणि प्लग-इन बॅटरी दोन्ही देणारा पिकअप अमेरिकेच्या शोरूममध्ये या पैशांत दादाला तरी सापडला नाही. 

कोम्पाने एकदा एन्सेनाडाच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर चावी त्याच्या हातात दिली. झालं! दादा घरी आला तो एक्सेल शीट उघडूनच. डाउन पेमेंट तयार होतं. त्याची जुनी कोरोला दहा वर्षांची झाली होती. टिहुआनाच्या सीमेपासून सॅन डिएगोचं डाउनटाउन जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर. चेंबूरहून ठाण्याला जाऊन यायचं म्हटलं तरी जवळपास तेवढंच पडतं. शनिवारी घ्यायची, रविवारी आणायची. हाय काय आन् नाय काय!

दरवाज्यावरचा स्टिकर

पहिला ब्रेक लावला तो एका स्टिकरने. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कोणत्याही गाडीचं ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक लेबल दिसेल. ही गाडी अमेरिकेच्या संघराज्य सुरक्षा मानकांप्रमाणे बनवली आहे, असं त्यावर खुद्द कंपनी लिहून देते. शिवाय बॉनेटखाली प्रदूषणाचं वेगळं लेबल. तिथे वाहन सुरक्षा बघते ती एनएचटीएसए आणि धूर बघते ती ईपीए, अशा दोन सरकारी सासवा आहेत. दोघींनाही खूश करावं लागतं.

कोम्पाच्या शार्कच्या दारावर हे लेबल नव्हतं. असणारच नाही. ती गाडी मेक्सिकोसाठी बनलीय. याचा अर्थ ती असुरक्षित आहे असं नाही बरं का. पण अमेरिकेच्या टेस्ट बुकप्रमाणे तिची परीक्षाच झालेली नाही. दुसऱ्या बोर्डातून मेरिट लिस्टमध्ये आलात तरी इथल्या बोर्डाची मार्कशीट लागतेच, तसं काहीसं.

आता यातली गंमत बघा. मेक्सिकोत बनलेल्या पिकअप अमेरिकेत येत नाहीत का? ढिगाने येतात! फोर्डची मॅव्हरिक ही छोटी पिकअप २०२१पासून मेक्सिकोच्या एर्मोसिओ शहरात बनते, आणि ती हायब्रिडमध्येही मिळते. टोयोटाचा टाकोमा ट्रक तर २००४पासून टिहुआनाच्याच अंगणात तयार होतो. म्हणजे आम्ही ज्या शहराच्या रांगेत उभे होतो, त्याच शहरातून ट्रक अमेरिकेत जातात. फरक एवढाच, की ते जन्मतःच अमेरिकेचं लेबल लावून येतात.

‘‘म्हणजे प्रश्न सीमेचा नाहीच,’’ दादा म्हणाला, ‘‘प्रश्न कागदाचा आहे.’’

कोंबडीची करामत

समजा, लेबलचं कसंतरी जमवलं. पुढे उभी आहे कोंबडी! हसू नका, सिरियसली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने मोठमोठ्या पोल्ट्री फार्ममधून स्वस्त कोंबड्यांचं पीक काढलं आणि ते युरोपात ओतलं. तिकडचे शेतकरी हवालदिल झाले. फ्रान्स, पश्चिम जर्मनी वगैरे मंडळींनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन कोंबडीवर जबरी कर लावला. वाटाघाटी फिसकटल्या आणि डिसेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बदला घेतला. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्या आयातीवर २५ टक्के कर! 

कोंबडीचं भांडण केव्हाच विझलं. ट्रकवरचा कर मात्र साठ वर्षांनंतरही ठाण मांडून आहे. त्याचं नावच ‘चिकन टॅक्स’. साध्या मोटारींवर कित्येक दशकं फक्त अडीच टक्के कर होता, आणि ट्रकवर पंचवीस. अमेरिकेच्या रस्त्यांवर परदेशी बनावटीचे छोटे पिकअप दुर्मिळ का, याचं बरंचसं उत्तर या कोंबडीत आहे.

कंपन्यांनीही कमी जुगाड केले नाहीत. सुबारूने सत्तरच्या दशकाच्या शेवटी आपल्या ‘ब्रॅट’ या पिकअपच्या हौद्यात चक्क दोन खुर्च्या बसवल्या. का? तर मागे माणसं बसतात म्हणजे हा ट्रक नव्हे, मोटार! फोर्डने तर कमालच केली. तुर्कस्तानात बनलेल्या ‘ट्रान्झिट कनेक्ट’ व्हॅन २००९पासून मागच्या सीट आणि खिडक्यांसकट अमेरिकेत आणल्या, मोटारीचा कर भरला, आणि बंदरातून बाहेर काढतानाच सीट उपटून मालवाहू व्हॅन केल्या. प्रकरण कोर्टात गेलं, २०१९ मध्ये अपिलात फोर्ड हरली आणि २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर मोजून मिटवलं. 

आणि शार्कसाठी नुसती कोंबडी पुरत नाही. गाडी घेतली मेक्सिकोत, पण जन्म चीनचा. कर लावताना जन्मगाव बघतात. चिनी मालावरचं शुल्क वेगळं. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने परदेशी गाड्यांवर लावलेला कर वेगळा. दादाने एक्सेल शीटमध्ये तीनदा बेरीज केली आणि लॅपटॉप मिटून ठेवला.

पंचवीस वर्षं थांबा

‘‘पण लोक जपानहून गाड्या आणतात की! मी यूट्यूबवर बघितलंय,’’ मी म्हटलं.

‘‘आणतात. म्हाताऱ्या झाल्यावर,’’ दादा.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत युरोपातल्या आलिशान गाड्या खासगीरीत्या आणायचं पेव फुटलं होतं. त्याला लगाम घालायला १९८८ मध्ये कायदा आला. तेव्हापासून ज्या गाडीला अमेरिकेचं सुरक्षा लेबल नाही, ती बनल्याच्या तारखेपासून २५ वर्षं झाली की सुरक्षा मानकांतून सूट. प्रदूषणाच्या बाबतीत ईपीएची अट २१ वर्षांची. म्हणून तर निसान स्कायलाइनसारख्या जपानी गाड्यांच्या पंचविशीची तिथले शौकीन वाट बघत बसतात. कॅलिफोर्नियाचे धुराचे नियम त्याहून कडक, तो आणखी वेगळा डोंगर.

पंचविशीच्या आत आणायची तर सरकारमान्य ‘रजिस्टर्ड इम्पोर्टर’ पकडायचा. त्याने गाडीची दीडपट किंमत बाँड म्हणून अडकवायची आणि १२० दिवसांत ती अमेरिकन मानकांत बसवून दाखवायची. पण त्यासाठी ती गाडी मुळात आणण्यायोग्य आहे, असं सरकारने मान्य केलेलं हवं. अमेरिकेत तशीच गाडी विकली जात असेल तर हे सोपं. शार्कची तर सख्खी सोडा, चुलत बहीणही अमेरिकेत विकली जात नाही. मग सगळं शून्यापासून सिद्ध करायचं, म्हणजे क्रॅश टेस्टसाठी गाड्या फोडणं आलं. एक गाडी घ्यायची म्हणून दोन-चार फोडायच्या?

चोरून आणण्याचंही काही खरं नाही. २०१३ मध्ये तिथल्या सीमाशुल्क खात्याने बेकायदा आणलेली एक मिनी कूपर यंत्राखाली चिरडली आणि तिचा व्हिडिओ जगाला दाखवला. गाडी जुनी आहे असं भासवायला तिचा चॅसिस नंबर बदलला होता. 

सॉफ्टवेअरचं गोत्र

याच्याही पुढचा अडसर एकदम ताजा आहे. आजची गाडी म्हणजे चार चाकांवरचा स्मार्टफोन. तिला जीपीएस असतं, कॅमेरे असतात, माइक असतो, सतत नेटशी गप्पा चालू असतात. मग तिचा डेटा जातो कुठे? या प्रश्नावरून जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने नियम जाहीर केला. चीन किंवा रशियाशी संबंध असलेलं कनेक्टिव्हिटीचं सॉफ्टवेअर असलेल्या गाड्यांना २०२७च्या मॉडेलपासून बंदी, आणि हार्डवेअरला २०३०च्या मॉडेलपासून. म्हणजे आता गाडीची पत्रिकाच नाही, गोत्रही बघणार!

गंमत म्हणजे, नियम करणाऱ्यांच्या देशातले मोठे साहेबही या गाड्यांवर फिदा आहेत. फोर्डचे सीईओ जिम फार्ली यांनी २०२४ मध्ये एका पॉडकास्टवर सांगून टाकलं, की शाओमीची एसयू-७ ही इलेक्ट्रिक कार आपण शांघायहून शिकागोला आणवली, सहा महिने चालवतोय आणि आता ती सोडवत नाही. वाहन कंपन्यांना टेस्टिंगसाठी अशी गाडी आणायची सोय कायद्यात आहे. दादाला नाही. तो वाहन कंपनी नाही ना!

मग कोम्पाची कशी चालते?

आता तुम्ही म्हणाल, एवढे सगळे नियम, तर मग कोम्पा रांगेत एवढा निवांत चुरोस काय खात बसलाय? 

कारण कोम्पा पाहुणा आहे. तो राहतो मेक्सिकोत, गाडीचं रजिस्ट्रेशन मेक्सिकोचं. अमेरिकेत न राहणारा माणूस स्वतःच्या वापरासाठी, जास्तीत जास्त एक वर्षासाठी, अशी गाडी घेऊन येऊ शकतो. स्टिकर नसला तरी चालतो. अट एवढीच, की अमेरिकेत विकायची नाही आणि मुदतीत परत न्यायची. पर्यटक व्हिसाच म्हणा ना! या, फिरा, मॉलमध्ये खरेदी करा, मुक्काम ठोकू नका.

आणि दादा? दादाच्या पासपोर्टवर एच-वन-बी व्हिसा आहे. इमिग्रेशनच्या भाषेत तो ‘नॉन-इमिग्रंट’, म्हणजे कायमचा राहायला न आलेला. पण घर इथे, नोकरी इथे, टॅक्स इथे, पोरगी इथल्या शाळेत. त्यामुळे गाडीच्या फॉर्मवर तो ‘रेसिडेंट’!

‘‘बघ ना,’’ तो हसत म्हणाला, पण हसण्यात काही दम नव्हता. ‘‘राहायचं म्हटलं की मी इथला नाही. आणि गाडी आणायची म्हटली की मी इथलाच!’’

एक साधा जुगाड

टिहुआनातल्या एका एजंटने त्याला एक आयडिया दिली होती. गाडी कोम्पाच्या नावावर घ्यायची, पैसे दादाने द्यायचे. मेक्सिकन नंबरप्लेट ठेवायची. वर्षाच्या आत एकदा पलीकडे फिरवून आणायची. कोण विचारतंय? रोज एवढ्या मेक्सिकन गाड्या येतात-जातात!

कोम्पा तयार होता. दादाही, खरं सांगायचं तर, पाऊण तयार होता. मला हे कळलं वहिनीकडून. त्या दोघांचं त्यावरून चांगलंच वाजलं होतं.

‘‘मी त्याला एवढंच विचारलं,’’ वहिनी सांगत होती. ‘‘रांगेत एखाद्याने विचारलं, गाडी कोणाची, तू कुठे राहतोस, तर काय सांगणार आहेस? खरं सांगितलंस तर गाडी जाईल. खोटं सांगितलंस तर आपण जाऊ.’’

हे ‘आपण’ फार महत्त्वाचं. सरकारी फॉर्मवर खोटं लिहिणं हा तिकडे फेडरल गुन्हा. आणि वहिनीचा एच-फोर व्हिसा दादाच्या व्हिसाला बांधलेला. तिचं काम करायचं परमिट त्याच्या ग्रीन कार्डच्या अर्जाला बांधलेलं. पोरीची शाळा, घराचं लीज, सगळी माळ त्या एका दोऱ्यात. दादा आठवड्यातून दोनदा सीमा ओलांडतो, म्हणजे आठवड्यातून दोनदा कोणीतरी त्याचा कागद उलटसुलट करून बघतं. अशा माणसाने ५३ हजारांच्या खेळण्यासाठी तिथे नजर चोरत उभं राहायचं? 

एच-वन-बी साधारण सहा वर्षांचा. पुढे ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर मुदत वाढत राहते. आणि त्या रांगेत कोणत्याही एका देशाला वर्षाला सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही, मग देश आइसलँड असो की भारत. आपल्याकडच्या इंजिनिअर मंडळींची रांग किती लांब होते, ते वेगळं सांगायला नको. तुमच्याही ऑफिसमधला, बिल्डिंगमधला कोणीतरी त्या रांगेत असेलच.

दादाने एजंटला नाही सांगितलं. ‘‘वहिनी म्हणाली म्हणून?’’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘नाही गं. चावी माझ्या खिशात असती, पण दर वेळी रांगेत पोटात गोळा आला असता. मग तिच्यावर प्रेम कसं करणार?’’

चौकट : पाहुण्या गाडीचं पंचांग

● अमेरिकेत नेण्यापूर्वी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं सुरक्षा लेबल आणि बॉनेटखालचं प्रदूषणाचं लेबल बघा. दोन्ही नसतील तर ती गाडी अमेरिकेसाठी बनलेली नाही.
● तिथे न राहणाऱ्याला स्वतःच्या वापरासाठी एक वर्षापर्यंत मुभा. विक्रीला मनाई, परत नेणं सक्तीचं.
● तिथे राहणाऱ्याला रजिस्टर्ड इम्पोर्टर हवा, आणि ती गाडी आणण्यायोग्य गाड्यांत मोडायला हवी.
● २५ वर्षं पूर्ण झाली की सुरक्षा मानकांतून सूट, २१ वर्षांनी ईपीएच्या धुराच्या नियमांतून. राज्याचे नियम वेगळे.
● कर लावताना गाडी कुठून आणली यापेक्षा ती कुठे बनली हे बघतात.

आपल्या तळेगावची!

रांग अजून संपायची होती. तेवढ्यात बाजूच्या लेनमध्ये एक छोटी शेव्हरले येऊन थांबली. दादा एकदम ओरडला, ‘‘अगं बघ, बीट! आपल्या तळेगावची!’’

मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. पण खरंच! जनरल मोटर्सने २०१७च्या अखेरीला भारतातली विक्री बंद केली, पण पुण्याजवळच्या तळेगावच्या कारखान्यात डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या बीट बनत राहिल्या आणि बोटीत बसून मेक्सिकोला जात राहिल्या. डिसेंबर २०२०मध्ये ते उत्पादन थांबलं आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. चाकणच्या फोक्सवॅगनचंही तसंच. वेंटो, मग व्हर्टस, अशा पुण्याच्या लेकी मेक्सिकोत नांदायला गेल्या. बीटही मेक्सिकोच्या प्लेटवर सीमा ओलांडते, ती कोम्पासारखी पाहुणी म्हणूनच. तळेगाव ते टिहुआना आली, पुढचे पंचवीस किलोमीटर मात्र रिटर्न तिकिटावर.

उलट्या दिशेची वाहतूक तर औरच. अमेरिकेतल्या वापरून थकलेल्या गाड्या दक्षिणेला मेक्सिकोत उतरतात. कागदपत्रांविना घुसलेल्या अशा गाड्यांना तिथे ‘चॉकलेट’ गाड्या म्हणतात. त्या इतक्या झाल्या, की २०२२पासून मेक्सिको सरकारने अडीच हजार पेसो घेऊन त्यांना नियमित करायची योजना काढली. आपल्याकडे अनधिकृत बांधकामं नियमित करतात, अगदी तस्संच! म्हणजे जुनी गाडी खाली सहज घरंगळते, नवी गाडी वर चढत नाही. 

दारं दोन्ही बाजूंनी लागतायत, हेही खरं. डिसेंबर २०२५ मध्ये मेक्सिकोच्या संसदेने, ज्या देशांशी मुक्त व्यापार करार नाही त्यांच्या मालावर २०२६पासून वाढीव कर मंजूर केला. मोटारींवर ५० टक्क्यांपर्यंत. त्या यादीत चीन आहे तसाच भारतही. म्हणजे शार्कची वाट अवघड झाली आणि चाकणच्या लेकींचीही.

परत कधी जाणार?

अखेर आमचा नंबर लागला. खिडकीतल्या ऑफिसरने तिघांचे कागद घेतले. आधी कोम्पा. कुठे चाललात? मित्राच्या घरी. गाडी कोणाची? माझी. परत कधी? आज रात्री. मग दादा. पासपोर्ट, व्हिसा, पुन्हा पासपोर्ट. अजून त्याच कंपनीत? हो. एक छोटा पॉज. तेवढ्यात माझ्याच पोटात गोळा आला, आणि दादाला नेमकं काय म्हणायचं होतं ते कळलं. मग शिक्का न मारता हाताने ‘जा’ अशी खूण. शार्क आवाज न करता अमेरिकेत शिरली.

घरी वहिनी वाटच बघत होती. फ्लॅटमध्ये चकल्या तळायला घेतल्या की स्मोक अलार्म बोंबलतो, हे तिचं दर दिवाळीचं टेन्शन. यंदा कोम्पाने हौद्यातल्या सॉकेटला इंडक्शनची वायर लावून दिली आणि ट्रकच्या बॅटरीवर, उघड्या पार्किंगमध्ये, भाजणीच्या चकल्या खरपूस तळून निघाल्या. शेजारचे लोक बघायला आले. दादा मालकाच्या थाटात सगळ्यांना गाडी समजावून सांगत होता. चालवली मात्र नाही. एकदा ड्रायव्हिंग सीटवर बसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि उतरला. गाडी पाहुण्याची होती.

रात्री साडेनऊला कोम्पा चकल्यांचा डबा घेऊन निघाला. मागचे लाल दिवे वळणावर गेले तरी दादा फुटपाथवर उभाच.

पुढच्याच महिन्यात त्याने फोर्ड मॅव्हरिक हायब्रिड बुक केली. मेक्सिकोत जन्मलेली, पण दारावर स्टिकर असलेली. शहाण्या माणसाचं अरेंज्ड मॅरेज! चांगली आहे म्हणतो. अॅव्हरेज मस्त देते म्हणतो. 

पण फोनच्या कॅलेंडरमध्ये त्याने एक रिमाइंडर टाकून ठेवलाय. साल २०४९. कोम्पाची शार्क २०२४ची, त्या वर्षी तिला पंचवीस पूर्ण होतील. दादा तेव्हा सत्तावन्नचा असेल.

‘‘तोवर तुझं ग्रीन कार्ड आलं असेल ना रे?’’ मी विचारलं.

‘‘बघू,’’ तो म्हणाला, ‘‘आधी कोण पोचतंय, ती की मी.’’